भरणीपासून सातव्या दिवसापर्यंत : उबवणी केंद्राच्या उत्पादनाच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

डिचोली तालुक्यातील आमच्या उबवणी केंद्रात आजपासून प्रत्येक लॉटचा, म्हणजे एकत्र भरलेल्या अंड्यांच्या गटाचा, स्वतंत्र हिशेब ठेवण्यास सुरुवात झाली. केंद्र लहान आहे. अंडी घाटावरच्या पेरेंट फार्मांतून, म्हणजे उबवणीची अंडी घालणारे कळप पाळणाऱ्या फार्मांतून, चोर्ला घाटाने उतरतात, सोमवारी आणि गुरुवारी सेटरमध्ये, म्हणजे उबवणी यंत्रात, भरली जातात (हीच भरणी), आणि एकविसाव्या दिवशी निघालेली मांसल जातीची पिल्ले सत्तरी, पेडणे, फोंडा आणि सीमेपलीकडच्या दोडामार्ग भागातील कंत्राटी शेडांत पोचतात. आजवरची नोंदवही एका ओळीची आहे: अमुक दिवशी इतकी अंडी भरली, अमुक दिवशी इतकी पिल्ले गाडीत चढली, आणि शेवटच्या रकान्यात टक्केवारी, जिला आम्ही हॅच म्हणतो. महिन्याच्या बैठकीत या शेवटच्या रकान्यावरच चर्चा होते आणि पावसाळ्यात ती बहुधा एकाच वाक्याने संपते, की पाऊस लागला की हॅच पडायचीच.

टक्केवारी खरी असते, पण तिच्यावरून कारण कळत नाही. हिशेबासाठी १०,००० अंड्यांचे दोन लॉट घेऊ आणि दोन्हींतून ८,५५० पिल्ले निघाली असे धरू. वहीत दोन्हींपुढे ८५.५ टक्के असेच येईल. आता पहिल्या लॉटमध्ये ९,५०० अंडी फलित होती आणि दुसऱ्यात ९,००० असे समजले, तर फलित अंड्यांवरची हॅच पहिल्या लॉटची ९० टक्के आणि दुसऱ्याची ९५ टक्के भरते. पहिल्या लॉटमध्ये जिवंत गर्भ असलेली अंडी साठवणीत, वाहतुकीत किंवा आमच्या यंत्रांत वाया गेली आहेत. दुसऱ्या लॉटमध्ये केंद्राने आपले काम चोख केले आहे आणि विचारणा करायची तर ती पेरेंट फार्मातील नरांबद्दल करावी लागेल. आज दोन्ही लॉटबद्दल आमच्याकडून एकच खुलासा मागितला जातो आणि एकच दिला जातो.

सध्या अंडी तीन कळपांतून येतात. त्यांची वये २८, ४१ आणि ५६ आठवडे आहेत. तरुण कळपाची अंडी लहान आणि कवचाने जाड, म्हाताऱ्या कळपाची मोठी आणि कवचाने पातळ. फलनाचे प्रमाणही वयाप्रमाणे बदलते. तरीही ही सर्व अंडी आजवर एकाच ओळीत बेरीज होऊन बसत होती.

५ जून, गुरुवार

लॉटची व्याख्या ठरवली. एका कळपाची, एका दिवशी घातलेली, एका सेटरमध्ये एकाच वेळी भरलेली अंडी म्हणजे एक लॉट. खुणेच्या चिठ्ठीवर कळपाचा क्रमांक, कळपाचे वय आठवड्यांत, अंडी घातल्याची तारीख, केंद्रात आल्याची तारीख, सेटर आणि ट्रॉली एवढे लिहायचे. यातली अंडी घातल्याची तारीख मिळवणेच सर्वांत अवघड ठरले, कारण चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, फक्त गाडी निघाल्याची तारीख असते आणि फार्मावरच्या थंड खोलीत अंडी किती दिवस पडून होती याचा पत्ता लागत नाही. यापुढे तीस अंड्यांच्या प्रत्येक कागदी ट्रेच्या कडेला घातल्याची तारीख शाईने लिहून पाठवावी, असे तिन्ही फार्मांना कळवले आहे. तारीख नसलेला ट्रे आला तर तो वेगळा ठेवला जाईल आणि त्याची नोंद ‘वय अज्ञात’ अशी होईल.

आजची गाडी उतरवताना आणखी एक गोष्ट वहीत घ्यावी लागली. गाडीतली अंडी १८ अंशांच्या आसपास होती आणि उतरणीच्या ओट्यावरची हवा २७ अंश, आर्द्रता ९० टक्के. अशा हवेचा दवबिंदू २५ अंशांजवळ असतो. त्यामुळे थंड अंडे बाहेर आले की काही मिनिटांत त्याच्या कवचावर पाणी धरते. या पाण्याबरोबर कवचावरचे जंतू सूक्ष्म छिद्रांतून आत खेचले जातात आणि पुढे तेच अंडे सेटरमध्ये कुजून फुटते व शेजारच्या अंड्यांवर घाण उडवते. ओली अंडी पुसणे त्याहून वाईट, आणि ओल्या कवचावर फ्युमिगेशनही (जंतुनाशक धुरी) करायचे नसते. गाडी थेट थंड खोलीच्या दाराला लावावी आणि भरणीपूर्वी अंडी पंख्याच्या हवेत सावकाश खोलीच्या तापमानाला आणावीत, हा नियम नवा नाही. त्याच्या पालनाची नोंद मात्र आजपासून होणार आहे. चिठ्ठीवर ‘घाम : होय / नाही’ असा एक रकाना वाढवला.

१२ जून, गुरुवार

२ जूनच्या भरणीचे दहाव्या दिवशीचे कँडलिंग, म्हणजे अंडी दिव्यासमोर धरून तपासणे, झाले. दिव्यावर पारदर्शक दिसणारी अंडी आजवर ‘वांझ’ म्हणून मोजून फेकली जात. आज ती सर्व फोडून पाहिली. हे काम वासाचे आणि चिकटीचे आहे, पण अर्धी माहिती त्यातच दडलेली असते. खरोखर अफलित अंड्याच्या बलकावर एक लहान, घट्ट, पांढरा ठिपका दिसतो. फलित अंड्यात त्याच जागी मोठे, कडे असलेले वर्तुळ असते. गर्भ दोन-चार दिवसांचा होऊन मेला असेल तर रक्ताचे कडे दिसते, आणि पाचव्या दिवसाच्या पुढे गेला असेल तर डोळ्याचा काळा ठिपका.

यंत्रखोलीचे पर्यवेक्षक, ज्यांना येथे सर्वजण भाई म्हणतात, त्यांची नजर या कामात इतकी तयार आहे की ते दिव्यावरच बरेचसे ओळखतात. तरीही ‘वांझ’ समजल्या गेलेल्या ढिगात लवकर मेलेले गर्भ बरेच निघाले, आणि ते म्हाताऱ्या कळपात कमी, तर ४१ आठवड्यांच्या कळपात जास्त होते. भाईंना हे उलटे वाटले, मलाही. त्या वयाचा कळप तर सर्वांत भरवशाचा. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यावर एवढाच फरक दिसला, की ४१ आठवड्यांच्या कळपाची अंडी जास्त दिवस साठवलेली होती. एका भरणीवरून निष्कर्ष काढत नाही; नोंद ठेवतो.

२० जून, शुक्रवार

आज २ जूनची अंडी अठरा दिवस पूर्ण करून हॅचरमध्ये, म्हणजे शेवटचे तीन दिवस ठेवण्याच्या यंत्रात, गेली. भरताना वजन करून ठेवलेले ट्रे पुन्हा वजनकाट्यावर घेतले. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याने आपल्या वजनाच्या ११ ते १२ टक्के पाणी गमवायला हवे. तेवढे गेले तरच बोथट टोकाकडची हवेची पोकळी पुरेशी वाढते आणि पिल्लाला कवच फोडण्याआधी तिच्यातून पहिला श्वास घेता येतो. आमच्या ट्रेंची सरासरी दहा टक्क्यांच्याही खाली आहे. अशा अंड्यांतून पिल्ले निघतात, पण फुगलेली, ओलसर, बेंबी नीट न मिटलेली, आणि काही तर चोच कवचाला लावून आतच मरतात.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. सेटरमध्ये ५० ते ५५ टक्के आर्द्रता हवी म्हणून पाण्याची फवारणी बारा महिने त्याच वेळापत्रकावर चालते. बाहेरची २७ अंशांची आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा ३७.५ अंशांवर तापवली, की पाण्याचा थेंबही न मिसळता तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ५० टक्के राहते. त्यात हजारो अंड्यांतून निघणारी वाफ मिसळते ती वेगळीच. म्हणजे गोव्याच्या पावसाळ्यात फवारणीला काही कामच उरत नाही, उलट आत येणारी हवाच आधी कोरडी करून घ्यावी लागते. सेटर खोलीचा एसी विजेच्या बिलासाठी बंद ठेवला जात होता, तो चालू केला. खोलीतली हवा २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेवर आणली, तर तीच हवा यंत्रात ३० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि मग यंत्राला हवे तेवढेच पाणी स्वतः घेता येते. फवारणी आता वेळापत्रकावर न चालवता ओल्या थर्मामीटरच्या, म्हणजे आर्द्रता दाखवणाऱ्या ओल्या कापडातल्या तापमापकाच्या, वाचनावर चालेल.

एवढ्यापुरते ‘पाऊस लागला की हॅच पडते’ हे वाक्य खरे मानावे लागेल.

२३ जून, सोमवार

पहिल्या नोंदवलेल्या भरणीची पिल्ले निघाली. आजचे मुख्य काम मेळ घालण्याचे होते. भरलेले प्रत्येक अंडे शेवटी कुठेतरी असायलाच हवे: कँडलिंगला काढलेले, हाताळणीत फुटलेले, विक्रीयोग्य पिल्लू झालेले, कमकुवत म्हणून बाजूला काढलेले, ट्रेमध्ये मेलेले पिल्लू, किंवा न फुटता राहिलेले. या सहा आकड्यांची बेरीज भरणीच्या आकड्याएवढी आली पाहिजे. ती आली नाही. तिन्ही लॉटमध्ये काही अंड्यांचा पत्ता लागत नाही, आणि तफावत प्रत्येक लॉटमध्ये भरणीच्या दोन टक्क्यांच्या आतबाहेर आहे. चुकून झालेली मोजणी असती तर एका लॉटमध्ये आकडा वर आणि दुसऱ्यात खाली गेला असता. तिन्ही ठिकाणी एकाच बाजूला, जवळपास एकाच प्रमाणात गेलेला आकडा म्हणजे पद्धत असणार.

न फुटलेली अंडी ट्रेनिहाय फोडून पाहिली. शेवटच्या आठवड्यात मेलेल्यांमध्ये काही पिल्लांचे डोके निमुळत्या टोकाकडे होते. ही अंडी भरतानाच उलटी बसलेली असतात, निमुळते टोक वर करून. भरणीच्या टेबलावर दिवा चांगला हवा, अशी मागणी नोंदवली. मागणी छोटी आहे, लगेच मान्य झाली.

२६ जून, गुरुवार

दोन टक्क्यांचा उलगडा झाला. पिल्लांच्या पेटीत चार कप्पे असतात, प्रत्येकात पंचवीस, म्हणजे पेटीला शंभर. त्याशिवाय वाटेत आणि पहिल्या दिवसांत होणाऱ्या मरतुकीपोटी शंभरावर दोन पिल्ले जास्त टाकण्याची रीत आहे. चलनावर लिहितात शंभर. केंद्राची वही चलनावरून भरली जाते, म्हणून ही दोन पिल्ले केंद्रात जन्मलीच नाहीत असे होते. वरच्या उदाहरणातली ८,५५० पिल्ले याच रीतीने चलनावर ८,३८२ होतात आणि ८५.५ टक्क्यांची हॅच वहीत ८३.८ दिसते. आज गाडी भरण्यापूर्वी काही पेट्या उघडून मोजल्या, तेव्हा १०३ आणि १०४ पिल्लेही आढळली. पॅकिंगच्या हातांना त्याबद्दल विचारले तेव्हा उत्तर सरळ मिळाले, की कमी गेल्याची तक्रार येते, जास्त गेल्याची कधीच येत नाही.

यात केंद्राची टक्केवारी कमी दिसते हा भाग तसा लहान. खरा घोळ शेडवर होतो. शेतकऱ्याच्या कार्डावर शंभर पिल्ले आली असे लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात एकशे दोन आलेली असतात. पहिल्या आठवड्यात तीन मेली तर उरतात नव्याण्णव, आणि कार्डावर मरतूक दिसते एक टक्का. ती वास्तविक तीन टक्क्यांना टेकलेली असते. म्हणजे एकाच रीतीने केंद्राची हॅच खाली दाखवली आणि शेडची मरतूकही खाली दाखवली. दोन्हीकडे आकडे चुकले आणि तरीही कोणाला शंका आली नाही, कारण नुकसान कोणाच्याच वाट्याला दिसत नव्हते.

जादा पिल्ले बंद करावीत असे माझे मत नाही. शेतकऱ्यांशी ठरलेली गोष्ट आहे, ती राहू द्यावी. पण चलनावर ‘१०० अधिक २’ असे छापले जावे, केंद्राच्या वहीत १०२ उतरावीत आणि शेडच्या कार्डावरही १०२. व्यवस्थापनाने याला दोन आठवड्यांनी उत्तर देतो असे सांगितले आहे.

३० जून, सोमवार

२३ जूनच्या पिल्लांचे आज सात दिवस पूर्ण झाले. शेडवरून दोन आकडे मागवले होते, पहिल्या सात दिवसांची रोजची मरतूक आणि सातव्या दिवसाचे सरासरी वजन. पहिल्या दिवसाच्या वजनाच्या किमान साडेचार पट वजन सातव्या दिवशी असावे आणि आठवड्याची मरतूक एक टक्क्याच्या आत राहावी, हा सर्वसाधारण मापदंड. काही शेडांनी वजनाचा आकडा ‘चांगले’ असा पाठवला. काटे पुरवावे लागतील.

आज भरणी नेहमीच्या दुप्पट झाली. या दुपटीमागे पंचांग आहे, आणि ते वहीत कुठेच नसते, म्हणून येथे सविस्तर लिहून ठेवतो. पिल्लू चाळीस दिवसांच्या आसपास विक्रीला जाते. त्याआधी एकवीस दिवस उबवणीचे. म्हणजे आज भरलेले अंडे दोन महिन्यांनी बाजारात उभे राहते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे जून-जुलैत गोव्यात चिकनला मागणी चांगली. पण या वर्षी श्रावण २५ जुलैपासून २३ ऑगस्टपर्यंत आहे आणि लगेच २७ ऑगस्टला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. श्रावणात हिंदू घरांतली मागणी बसते. म्हणून श्रावणात तयार होणाऱ्या पक्ष्यांची भरणी, म्हणजे २६ मेपासून २६ जूनपर्यंतची, आमच्याकडे जवळपास निम्मी केली जाते. आणि चवथ उरकल्यावरच्या बाजारासाठी आजच्या तारखेपासून ती एकदम वाढते.

कोंबड्यांना मात्र श्रावण माहीत नसतो. पेरेंट कळप जूनभर रोजच्यासारखीच अंडी घालतो, ती थंड खोलीत साचत जातात आणि जूनच्या शेवटी भरणी वाढली की हीच साचलेली अंडी सेटरमध्ये येतात. आजच्या भरणीतले काही ट्रे बारा दिवसांचे आहेत. साठवण सात दिवसांपलीकडे गेली की पुढच्या प्रत्येक दिवशी हॅच साधारण अर्धा ते एक टक्का उतरते आणि उबवणीचा काळ दिवसाला सुमारे एक तासाने लांबतो, हे या व्यवसायात सर्वांना माहीत आहे. साचलेल्या अंड्यांची हॅच निघते जुलैत, भर पावसात, आणि दोष पावसाच्या माथी बसतो. १२ जूनला ४१ आठवड्यांच्या कळपात लवकर मेलेले गर्भ का दिसले, याचे उत्तरही बहुधा हेच. हे तपासायचे म्हणून आज एकाच कळपाची तीन दिवसांची आणि बारा दिवसांची अंडी एकाच सेटरमध्ये, एकाच ट्रॉलीवर, वेगळ्या चिठ्ठ्यांनी भरली आहेत.

१४ जुलै, सोमवार

२६ जूनच्या भरणीचे अठराव्या दिवसाचे वजन झाले. ही भरणी फवारणी वाचनावर नेल्यानंतरची, आणि पाण्याची घट ११ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. यंत्रात वेगवेगळ्या वयाची अंडी एकत्र असल्यामुळे बदल एकदम दिसत नाही, पण दिशा बरोबर आहे. एसीचे बिल वाढेल.

चलनावर ‘१०० अधिक २’ छापण्यास मंजुरी मिळाली.

२१ जुलै, सोमवार

३० जूनची दुहेरी भरणी निघाली. ताज्या अंड्यांची पिल्ले पहाटेपर्यंत बहुतेक कोरडी होऊन बसली होती आणि बारा दिवसांच्या अंड्यांत त्याच वेळी निम्म्याहून जास्त कवचे नुकती फुटत होती. हॅचर एकच, बाहेर काढण्याची वेळ एकच. भाईंनी नेहमीप्रमाणे मधली वेळ साधली. मधली वेळ म्हणजे ताज्या लॉटची पिल्ले गरजेपेक्षा जास्त तास उष्णतेत पाण्याविना बसली आणि जुन्या लॉटची मानेवर ओली असतानाच पेटीत गेली. पिल्लाचे वजन अंड्याच्या मूळ वजनाच्या ६७ ते ६८ टक्के भरले, की काढण्याची वेळ बरोबर आली असे समजतात. आज ताज्या लॉटचे प्रमाण ६६ च्या खाली उतरले होते आणि जुन्या लॉटचे ६९ च्या वर. दोघांची सरासरी काढली असती तर ती अगदी पुस्तकातल्यासारखी आली असती.

न फुटलेली अंडी फोडल्यावर फरक आणखी स्पष्ट झाला. कळप एकच, त्यामुळे अफलित अंड्यांचे प्रमाण दोन्हींत जवळपास सारखे. पहिल्या आठवड्यात मेलेले गर्भ मात्र जुन्या लॉटमध्ये उघड उघड जास्त. हवा, आर्द्रता, यंत्र, हात, सर्व समान असताना हा फरक आला आहे, तेव्हा तो साठवणीकडेच बोट दाखवतो. एकाच ट्रॉलीवरचा हा पुरावा मला आजवरच्या सगळ्या चर्चेपेक्षा जास्त वजनाचा वाटतो, तरी पुढच्या भरणींत तो पुन्हा पाहणार आहे.

यावर दोन उपाय. सात दिवसांपेक्षा जुन्या अंड्यांची भरणी ताज्यांच्या आधी करायची, दिवसामागे एक तास या हिशेबाने. बारा आणि तीन दिवसांच्या अंड्यांत नऊ तासांचे अंतर हवे. दुसरा उपाय फार्मावरचा आहे. भरणी कमी करायची ठरली की त्याच आठवड्यात म्हाताऱ्या कळपाची अंडी उबवणीतून काढून खाण्यासाठी विकावीत, म्हणजे तरुण कळपाची ताजी अंडी रांगेत अडकत नाहीत. साठवणीच्या काळात अंड्यांना मधूनच काही तास उबवणीच्या तापमानाला नेऊन पुन्हा थंड करण्याची पद्धतही आहे आणि तिने लांब साठवणीचे नुकसान कमी होते, पण त्यासाठी वेगळे यंत्र आणि अचूक नियंत्रण लागते. आमच्या थंड खोलीचे दार दिवसातून किती वेळा उघडते ते पाहता त्या वाटेला आज जाण्यात अर्थ नाही.

२८ जुलै, सोमवार

२१ जुलैच्या पिल्लांचे सातव्या दिवसाचे आकडे आले. शेडचा प्रभाव वेगळा काढता यावा म्हणून दोन्ही लॉट सत्तरीतील एकाच शेतकऱ्याच्या शेडात मधे जाळी लावून ठेवले होते, आणि त्याच लॉटची उरलेली पिल्ले पेडण्यातील दुसऱ्या शेडात. दोन्ही ठिकाणी जुन्या अंड्यांच्या पिल्लांची मरतूक जास्त आणि वजन कमी आले. सत्तरीच्या शेडात दोन्ही बाजूंचे आकडे पेडण्यापेक्षा चांगले आहेत. तो शेतकऱ्याचा गुण. पिल्ले येण्यापूर्वी पूर्ण दिवस ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारे साधन) लावून त्याने तूस आणि जमीन तापवून घेतली होती. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर वरवर तापलेले तूस हाताला गरम लागते आणि पिल्लाच्या पायाला थंड.

मरतूक दिवसवार मागितल्याचा उपयोग येथे झाला. पहिल्या तीन दिवसांत मेलेल्या पिल्लांना फोडून आमच्या पशुवैद्यकांनी पाहिले, तेव्हा बहुतेकांत बेंबीचा दाह आणि न जिरलेला, दुर्गंधी बलक आढळला. हे केंद्रातून गेलेले दुखणे. चौथ्या-पाचव्या दिवशी मेलेल्यांची गळ्याची पिशवी रिकामी होती. पोटातला बलक तीन-चार दिवस पुरतो आणि तोवर खाणे-पिणे न शिकलेले पिल्लू तेव्हा मरते. त्यात दुबळ्या पिल्लाचाही भाग असतो आणि शेडमधल्या थंडीचा, भांड्यांच्या मांडणीचाही. म्हणून पहिले तीन दिवस आणि नंतरचे चार असे दोन रकाने कार्डावर कायम ठेवत आहे. सीमारेषा ढोबळ आहे, पण केंद्र आणि शेड यांच्यातला नेहमीचा वाद निदान आकड्यांवर येतो.

७ ऑगस्ट, गुरुवार

आजची भरणी २८ ऑगस्टला, चवथीच्या दुसऱ्या दिवशी निघाली असती. त्या दिवशी दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन आणि केंद्रात हात कमी. भरणी शनिवारी, ९ तारखेला करायचे ठरले. दोन दिवसांनी वाढलेली साठवण चिठ्ठीवर लिहिली जाईल.

१५ सप्टेंबर, सोमवार

नवे नोंदपत्रक आता रुळले आहे. प्रत्येक लॉटपुढे चार आकडे येतात: भरलेल्या अंड्यांवरची हॅच, फलित अंड्यांवरची हॅच, विक्रीयोग्य पिल्ले, आणि सातव्या दिवशी शेडात जिवंत असलेली पिल्ले. यांपैकी शेवटचा आकडा हेच केंद्राचे उत्पादन मानावे, असा प्रस्ताव मी आज लेखी दिला. त्यावर बैठक लांबली.

आक्षेप समजण्यासारखा होता. शेडातले पिल्लू केंद्राच्या हातात नसते, मग त्याचा हिशेब केंद्राने का द्यावा. पण आजच्या व्यवस्थेत काय घडते ते पाहावे. कामगारांची प्रोत्साहनाची रक्कम गाडीत चढलेल्या पिल्लांवर ठरते. निवडीच्या टेबलावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात बेंबी न मिटलेले किंवा गुडघे लाल झालेले पिल्लू आले, की ते बाजूला टाकले तर टक्केवारी आणि स्वतःची रक्कम दोन्ही कमी होतात, पेटीत टाकले तर दोन्ही वाढतात. आणि ते तिसऱ्या दिवशी मेले तर शेतकऱ्याच्या कार्डावर मरते. म्हणजे कमकुवत पिल्लू पेटीत टाकण्याचे पैसे आपणच देतो आहोत. कामगाराला दोष देण्यात हशील नाही, रचना तशी आहे.

तडजोड अशी झाली, की प्रोत्साहनाचा अर्धा भाग फलित अंड्यांवरच्या हॅचवर आणि अर्धा पहिल्या तीन दिवसांच्या मरतुकीवर ठरेल. कळपाचे फलन कमी निघाले तर त्याचा भुर्दंड केंद्राला नाही, आणि चौथ्या दिवसापासून पुढची जबाबदारी शेडची. सातव्या दिवसाचा आकडा मात्र व्यवस्थापनाच्या मासिक पत्रकात पहिल्या रकान्यात जाईल. भाईंनी एकच अट घातली: गाडी वाटेत बंद पडून पिल्ले मेली तर ती त्यांच्या माणसांच्या खात्यात धरू नयेत. अट रास्त आहे. पोचल्यावर काही पिल्लांचे गुदद्वाराचे तापमान घेऊन चलनावर लिहावे असे ठरले. ४० अंशांच्या आसपास असेल तर प्रवास नीट झाला, ४१ च्या वर गेले तर पेट्यांत हवा खेळली नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नाताळच्या बाजाराची भरणी समोर आहे. २४ डिसेंबरला चाळीस दिवसांचा होणारा पक्षी १४ नोव्हेंबरला पिल्लू हवा आणि त्याचे अंडे २४ ऑक्टोबरच्या सुमारास यंत्रात हवे. म्हणजे २०, २३ आणि २७ ऑक्टोबरच्या तीन भरण्यांवर सर्व भार येतो. त्यातली २० तारीख नरकचतुर्दशीची. आदल्या रात्री नरकासुर जाळण्यात जागलेली मंडळी सकाळी भरणीला किती येतील हे सांगता येत नाही, म्हणून ती भरणी दुपारी ठेवली आहे.

या वेळी अंडी साचू दिलेली नाहीत. थंड खोलीत आज सात दिवसांपेक्षा जुना ट्रे नाही. जूनमधला ५६ आठवड्यांचा कळप मधल्या काळात निकालात निघाला आणि त्याच्या जागी नुकता अंड्यावर आलेला, २६ आठवड्यांचा कळप आला आहे. त्याची अंडी ५० ग्रॅमच्या आसपास, पिल्ले ३५ ग्रॅमच्याही आत भरतील. जुन्या कळपांची पिल्ले याहून सात-आठ ग्रॅमनी जड. दोन्ही एका शेडात मिसळली तर लहान पिल्लू भांड्यापाशी ढकलले जाते आणि शेवटी विक्रीच्या वेळी पक्षी उंच-सखल निघतो, म्हणून नव्या कळपाचे लॉट वेगळ्या शेडांनाच द्यायचे आहेत. नाताळात मोठ्या पक्ष्याला भाव असतो, तेव्हा ही शेडे दोन-तीन दिवस आधी भरावीत, की नव्या कळपाचा लॉट २० तारखेलाच घ्यावा, हा प्रश्न आज सोडवला: नवा कळप २० ला, बाकीचे २३ आणि २७ ला.

पाऊस ओसरतो आहे आणि दुपारची हवा कोरडी होऊ लागली आहे. सेटर खोलीचा एसी रात्री बंद ठेवून वाचन घ्यावे. ओल्या थर्मामीटरचा आकडा खाली आला तरच फवारणी पुन्हा सुरू करावी, आणि सुरू केल्याची तारीख प्रत्येक चालू लॉटच्या चिठ्ठीवर लिहावी. नव्या कळपासाठी हिरव्या चिठ्ठ्या छापून आल्या आहेत, त्या भाईंकडे दिल्या.